आकडा शून्यापासून सुरू होत नाही

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला शाळेतला वाटेल, पण खरं तर तो पगाराचा आहे. आधी एक छोटा प्रश्न. डोळ्यांसमोर एक पट्टी आणा, साधी, कंपासपेटीतली. तिच्यावर एक पेन्सिल ठेवली आहे. पेन्सिलचं एक टोक २ च्या रेषेवर आहे, दुसरं ७ च्या रेषेवर. पेन्सिलची लांबी किती?

पाच सेंटिमीटर. बरोबर. आता ‘सात’ म्हणणारे किती निघतात ते ऐका.

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ नावाचा अहवाल असतो, २००५ पासून निघतोय. गावागावांत घरी जाऊन मुलांना वाचायला देतात, गणित करायला देतात, आणि काय आलं ते लिहून घेतात. २०२३ चा अहवाल १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींवर होता. म्हणजे लहान पोरं नव्हेत, उद्या कामाला लागणारी. २८ जिल्हे, ३४,७४५ मुलं-मुली. महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता. त्यात हा पट्टीचाच प्रश्न होता. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा जवळजवळ ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू थोडी पुढं सरकवली, तर बरोबर सांगणारे उरले ३९ टक्के.

मला हा आकडा त्या अहवालातल्या बाकीच्या आकड्यांपेक्षा जास्त लागला. बाकीचेही काही कमी नाहीत. साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. आणि स्मार्टफोन? तो घरात आहे आणि वापरता येतो असं सांगणारे जवळपास ९० टक्के. म्हणजे हे तुम्हीच आहात, आत्ता कानात इयरफोन घालून ऐकणारे. रागावू नका, मीही त्याच गर्दीतला आहे.

पण पट्टी का लागली ते सांगतो. त्यासाठी माजरीला जावं लागेल.

माजरी म्हणजे चंद्रपूर जिल्हा, भद्रावती तालुका. नागपूरकडून बल्लारशाला जाताना वरोरा गेलं की माजरी जंक्शन येतं. तिथून एक फाटा वणी, पिंपळखुटी करत आदिलाबादकडे जातो. गाव कोळशाचं आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, आमच्या तोंडी नुसतं ‘डब्ल्यूसीएल’. खाणीवरची माती काढून टाकलेले ढिगारे इतके मोठे झालेत, की बाहेरून आलेला माणूस विचारतो, हे कोणते डोंगर? कॉलनीत एका दारात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात छत्तीसगढी, चौथ्यात भोजपुरी. मी तिथलाच. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण महिन्यातून दोन रविवार गावी असतो, आणि गेल्या वर्षभरापासून त्या दोन रविवारी सात-आठ जण माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आले ते ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला. हळूहळू फॉर्मपेक्षा दुसरंच काम वाढलं.

माजरीत काम कोणतं मिळतं? ज्यांची जमीन खाणीत गेली त्यांच्या घरात एखादी पक्की नोकरी येते. कोल इंडियाच्या धोरणात साधारण दोन एकराला एक नोकरी, असा हिशेब आहे. बाकीच्यांना ठेकेदाराकडे. डंपर, पोकलेन, टँकर, काट्यावर, गेटवर, वर्कशॉपमध्ये हेल्पर. ते नको असेल तर रेल्वेची भरती, पोलीस भरती. बायकांना तर याहून कमी: बचत गट, अंगणवाडी, शिवणकाम, बाजार.

आता डंपरवाल्याचं काम घ्या. लोकांना वाटतं, स्टिअरिंग आलं की झालं. प्रत्येक मशीनवर एक तासमीटर असतो. मशीन जेवढा वेळ चालू, तेवढा तो पुढे जातो. ड्युटी सुरू होताना त्याचा आकडा लिहायचा, संपताना लिहायचा. समजा सकाळी ८४३२.६ होता आणि सुटताना ८४४०.१. मशीन किती चालली? वजाबाकी केली तर ७.५. हा तोच पट्टीचा प्रश्न झाला. सुरुवात शून्यावर नाही. आणि त्यात अजून एक खड्डा आहे. एकानं मला ७.५ चा अर्थ सांगितला, ‘सात तास पन्नास मिनिटं’. आहे सात तास तीस मिनिटं. फोनमधला कॅल्क्युलेटर ७.५ बरोबरच दाखवतो, त्याचा अर्थ काय ते सांगत नाही.

काट्यावर जा. भरलेला ट्रक ३८,४२० किलो, रिकामा १३,१८०. कोळसा २५,२४०. पुन्हा सुरुवात शून्यावर नाही. डिझेल: सकाळी टाकीत किती, मधे किती टाकलं, संध्याकाळी किती उरलं. घरचा विजेचा मीटर: मागची रीडिंग, चालू रीडिंग. गवंडीकामात बघा. भिंतीचा टेप कोपऱ्यातून नाही लागत, मधे चौकट असते, मग ‘तिथून इथपर्यंत’ मोजावं लागतं. ज्याला ते जमतं तो दोन-चार वर्षांत मिस्त्री होतो. ज्याला जमत नाही तो घमेलं उचलत राहतो, हात कितीही चांगला असला तरी. रेती-मुरमाचा ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची मोजून ‘यात ब्रासभर माल नाही’ असं ट्रॅक्टरवाल्याला सांगणारा मी गावात एकच बघितलाय. त्याला सगळे घर बांधताना बोलावतात आणि त्याचे पैसे देतात.

कामातला आकडा जवळजवळ कधीच शून्यापासून सुरू होत नाही. शाळेतला होतो.

आता तुम्ही म्हणाल, डंपर चालवायला शिक्षणाची अट आहेच ना? होती. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला आठवी पासची अट होती. ती केंद्र सरकारनं २०१९ मध्ये काढली. हरियाणा सरकारनं मेवात भागातल्या लोकांसाठी मागणी केली होती, की इथली माणसं गाडी चालवण्यावर जगतात, हात तयार आहे, पण शाळेचा कागद नाही. मला विचाराल तर अट काढली ते योग्यच झालं. पण तो निर्णय सांगताना मंत्रालयानं ट्रेनिंग देणाऱ्या शाळांवर एक जबाबदारी टाकली होती: ड्रायव्हरला रस्त्यावरची चिन्हं वाचता आली पाहिजेत, लॉग भरता आला पाहिजे, गाडीची तपासणी, फेरीआधीचे आणि फेरीनंतरचे कागद जमले पाहिजेत. म्हणजे दाराबाहेरची अट गेली आणि दाराच्या आत जशीच्या तशी बसून राहिली. सर्टिफिकेट नको, पण वाचता-लिहिता आलं पाहिजेच. उलटही बघितलंय. माझ्याकडे येणाऱ्यांत दहावी पास आहेत, एक बारावी पास आहे, आणि लॉगशीट समोर ठेवली की पेन बाजूच्याला देतात. ‘दादा, तूच लिही न, मले समजून नाही राहिलं.’

हे वाक्य म्हणणाऱ्या मुलाची पगाराची स्लिप आम्ही एका रविवारी वाचली. मी मुद्दाम ‘आम्ही’ म्हणतोय, कारण मी फक्त बोट ठेवत होतो. ठेकेदाराचं नाव सांगत नाही, गरजही नाही. स्लिपवर हजेरी २४ दिवस होती. तो म्हणाला, मी तर २६ भरले. कसं माहीत? त्यानं घरच्या कॅलेंडरवर गोल केले होते, आईनं शिकवलं म्हणून. मोजले, २६ निघाले. दिवसाला ६०० धरले तर १,२०० रुपये. शिवाय पीएफ. कामगाराचे १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालकाकडून यायला पाहिजेत. दिवसामागे ७२ आणि ७२. म्हणजे हजेरीचे दोन दिवस गेले की रोजी तर जातेच, वर मालकाच्या वाट्याचे १४४ रुपयेही जातात, ते कोणाला दिसतच नाहीत. तो कॅलेंडर घेऊन हाजरीबाबूकडे गेला. त्या महिन्याचे दोन दिवस पुढच्या पगारात आले. त्याआधीच्या महिन्यांचं काय, ते कळायला मार्ग नव्हता, कारण आधीच्या स्लिपा त्यानं वाचता येत नाहीत म्हणून फेकल्या होत्या.

इथे एक गैरसमज काढायचा आहे. हे ऐकून कोणाला वाटेल, की या पोरांना हिशेबच येत नाही. अजिबात नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळताना तुम्ही पाहिली असतील. विदर्भात कोणत्याही गावाबाहेर दिसतात. १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण २० गुण. यांना सेकंदापर्यंत सगळं पाठ असतं. चारशेच्या पहिल्या फेरीला किती लागले, दुसरीला किती, शेवटच्या फेरीत किती वाचवायचे, पळता पळता हिशेब चालू असतो. त्याच मुलाला लेखी परीक्षेत ‘एक धावपटू १६०० मीटर ३२० सेकंदांत धावतो, तर त्याचा वेग किती?’ असं दिलं की तो पर्याय क्रमांक तीन ठोकून मोकळा. लेखी १०० गुणांची, त्यात अंकगणित आहे, बुद्धिमत्ता आहे, मराठी व्याकरण आहे, आणि किमान ४० टक्के लागतात. पाय पास होतात, कागद नापास करतो. रेल्वेच्या ग्रुप डीला तर ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले २५ सरळ गणिताचे आणि ३० रीझनिंगचे.

ही गोष्ट जगात आधी पाहिली गेली आहे. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथं १९८५ साली तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच पोरांचा अभ्यास छापला. आधी गिऱ्हाईक बनून विचारलं: दहा नारळ घेतले तर किती? एका नारळाचे ३५. मुलगा म्हणाला, तिनाचे १०५, अजून तिनाचे झाले २१०, असं करत ३५० ला पोचला. गिऱ्हाइकीत ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग तीच गणितं कागदावर, शाळेसारखी दिली. बरोबर आली ३७ टक्के. पाचच मुलं होती, म्हणून कोणी शंका घेईल. पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या हजाराहून जास्त मुलांवर हेच तपासलं आणि तेच सापडलं. शिवाय उलटंही: शाळेत जाणारी मुलं कागदावर ठीक होती, बाजाराच्या हिशेबात अडकली. इकडचं तिकडे आपोआप जात नाही. दोन खोल्या आहेत आणि मधलं दार कोणीतरी उघडावं लागतं.

आमच्या बाजारातल्या मावश्यांना बघा. पाव किलो संभार, दीड किलो वांगी, त्यातून कालची उधारी, हातात शंभराची नोट. तुम्ही फोन काढेपर्यंत सुटे पैसे हातात. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घ्यायचे. सात अडीच साडेसतरा. ते पाढे बाजारासाठीच होते. शाळेतून ते गेले, बाजारात राहिले. मला त्याचं काही फार गहिवरून येत नाही, पण एक गोष्ट पटते: आपल्याकडे कधीकाळी पाटी आणि तराजू एकाच भाषेत बोलत होते.

भाषेवरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं आणि केवढा दंगा झाला. विधानसभेत पोचला, मीम आले, टीव्हीवर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर, पण लिहितो उलटं, म्हणून लहान मुलं २७ आणि ७२ मधे गोंधळतात. टिंगल करणाऱ्यांनी एकदा माजरीला यायला हवं होतं. आमच्या कॉलनीत तेलुगू घरातली पोरं आहेत. तेलुगूत दशक आधीच येतं, इरवै रेंडु, वीस दोन. ती मराठी शाळेत आली की ‘बावीस’ ऐकून आधी दोन लिहितात, मग थांबतात. माझ्या रविवारच्या टोळीतला एक तेवीस वर्षांचा माणूस अजूनही ६२ आणि २६ उलटे लिहितो. बोलताना कधी चुकत नाही. पण गेटवर गाड्यांचे नंबर उतरवून घ्यायच्या कामावर तो चार दिवस टिकला. गाडीचा नंबर उलटा लिहिला की पावती अडते, आणि पावती अडली की ट्रक अडतो. त्याला काढलं तेव्हा कोणी त्याला कारणही सांगितलं नाही. तो समजत होता, सुपरवायझरचा भाचा लागायचा होता म्हणून काढलं. तेही असेल म्हणा.

तर नोकरीवर याचा परिणाम किती? ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या आयुष्याची नोंद ठेवली गेली आहे. त्यांतले काही जण ३७ वर्षांचे झाल्यावर वाचन आणि गणित दोन्ही तपासलं, आणि जॉन बायनर आणि समँथा पार्सन्स यांनी १९९७ मध्ये निष्कर्ष लिहिला. वाचन चांगलं पण गणित कच्चं अशी माणसंही पूर्णवेळ नोकरीतून लवकर बाहेर पडत होती आणि हलक्या कामांत जास्त सापडत होती. एकटं कच्चं गणित पुरेसं होतं. दोनच वर्षांनी तिथल्याच सरकारी अहवालात आलं, की दर पाच प्रौढांतल्या एकाला यलो पेजेसच्या सूचीतून प्लंबरचं पान शोधता येत नाही. इतक्या जुन्या शाळांचा देश. तेव्हा आपण लाजून घरात बसण्याचं कारण नाही, पण शाळेचं वर्ष आणि डोक्यातली पातळी या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करायचं कारण आहे.

इथून जरा गडचिरोलीत जाऊ या, कारण तिथं हाच हिशेब एका माणसाच्या नोकरीपुरता राहत नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्ही ऐकलं असेल. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेनं आपला बांबू आपण विकायला सुरुवात केली. त्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. आता तेंदू म्हणजे काय? ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक गोणपाट. उन्हाळ्यात पहाटे उठून पानं तोडायची, दुपारी घरभर बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. तिथं मुन्शी मोजतो आणि कार्डावर लिहितो. एका घराचे १८० पुडे म्हणजे १२,६०० पानं, प्रत्येक पान हातानं खुडलेलं. शेकड्याला ५०० रुपये धरा, फक्त हिशेब सोपा व्हावा म्हणून. १८० चे ९०० रुपये. कार्डावर १७५ लागले तर २५ रुपये गेले. बारा दिवसांच्या हंगामात ३००. एका घराचे. गावात सत्तर घरं असतील तर २१,००० रुपये, आणि चोर म्हणून बोट दाखवायला कोणी नाही.

म्हणून जिथं ग्रामसभा स्वतः विकते, तिथं कार्ड वाचणारी, रजिस्टर लिहिणारी, व्यापाऱ्याचं टेंडर समजून घेणारी माणसं गावातलीच लागतात. चौथी-सातवी शिकलेली माणसं हे करतात, मी बघून आलोय. डिग्रीवाला लागत नाही. आकडा कागदावर उतरवणारा आणि परत वाचून दाखवणारा लागतो. हंगामापुरतं का होईना, ते काम आहे, त्याचे पैसे आहेत, आणि त्या माणसाला गावात एक वजन आहे. बचत गटांचंही तेच. दहा बायकांत एकीला रजिस्टर लिहिता येतं, तीच बँकेत जाते, तीच प्रशिक्षणाला जाते, पुढे ‘उमेद’चं मानधनाचं काम निघालं की नाव तिचंच पुढं येतं. बाकी नवांना हिशेब येत नाही असं नाही. त्यांचा तोंडी आहे.

महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर काम करणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन दिलं तेव्हा प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली: मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, आणि लगेच पुढं हिशेब. मग थोडा इतिहास, भूगोल, शेतीचं ज्ञान. मोडी का? कारण सावकाराचा कागद मोडीत असायचा. आज मोडीच्या जागी पगाराची स्लिप, लॉगशीट आणि ‘आय अ‍ॅग्री’चं बटण आहे.

आमच्या धंद्यातली मंडळी यावर म्हणतात, आता वाचायची गरजच काय, फोन वाचून दाखवतो, बोललं की लिहून देतो. मी स्वतः असली फीचर्स बनवलेली आहेत आणि ती उपयोगी आहेत, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. पण भरतीच्या परीक्षा केंद्रात फोन बाहेर ठेवावा लागतो. खाणीत मशीनवर बसून व्हॉइस नोट करत कोणी बसत नाही. आणि स्लिपवरचा २४ फोननं कितीही गोड आवाजात वाचून दाखवला, तरी २६ पाहिजे होते हे फोनला माहीत नसतं.

सरकारी पातळीवर काय आहे ते थोडक्यात. ‘उल्लास’ म्हणून कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. शाळेत बसून आजी पेपर लिहितेय असे फोटो तुम्ही पाहिले असतील. चांगलं आहे. पण मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते त्यात बसत नाहीत. ते कागदोपत्री साक्षर आहेत, दहावी पास आहेत. त्यांच्यासाठी कोणती मोहीम नाही, आणि ‘मला भागाकार येत नाही’ हे बाविसाव्या वर्षी चारचौघांत म्हणणं फार जड जातं.

मग आम्ही रविवारी काय करतो? ‘प्रथम’नं लहान मुलांसाठी वापरलेली एक युक्ती उचलली: इयत्ता विचारायची नाही, आज काय येतं तिथून धरायचं. बारावीवाला आणि सातवीवाला वजाबाकीत अडकले असतील तर एकाच चटईवर. पुस्तक नाही. काट्याच्या जुन्या पावत्या, विजेची बिलं, कोरी लॉगशीट, ओआरएसचं पाकीट, पोलीस भरतीचे जुने पेपर. आधी तोंडी करायचं, बाजारासारखं. मग तेच, अगदी तेच, कागदावर उतरवायचं. तासमीटरसाठी मी घड्याळ काढलं आणि दशांश चिन्हाच्या पुढचा ५ म्हणजे अर्धा तास हे दाखवायला पूर्ण दोन रविवार गेले. एकदा समजल्यावर एकजण म्हणाला, ‘मंग सरळ साडेसात म्हणा न बे, पॉइंट पाच काहून म्हणता?’ मला उत्तर सुचलं नाही.

सगळं काही गोड नाही. शिफ्ट बदलली की माणूस गळतो. तीन जण आले आणि गेले. मुली फक्त दोन येतात, आणि त्याही समाजमंदिराचं दार उघडं असलं तरच. गेटवरून काढलेला तो मुलगा आता गाडीचे नंबर एकेक आकडा सुटा म्हणत लिहितो, ‘सहा, दोन’, बासष्ट म्हणतच नाही. मंगलाताईंना आवडलं असतं. त्याला दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरला लावलंय, नटबोल्ट मोजून द्यायला आणि रजिस्टर लिहायला. पगार गेटपेक्षा थोडा जास्त आहे. कॅलेंडरवाला अजून डंपरवरच आहे, पण लॉगशीट स्वतः भरतो, आणि ड्युटीवरच्या दोघातिघांच्या स्लिपा जेवणाच्या सुटीत तपासून देतो. परवा त्यानं मला फोटो पाठवला, त्यात ओव्हरटाइमचे तास बरोबर होते आणि दर चुकला होता. दर कुठं शोधायचा हे मलाही लगेच सापडलं नाही, कारण कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे दर असतात आणि तो नेमका कशात धरलाय हे स्लिपवर लिहिलेलंच नव्हतं. त्याचा अर्ज आता आम्ही दोघं मिळून लिहितोय. मराठीत, त्याच्या हस्ताक्षरात.

तुमच्याकडे असा एखादा कागद असेल, जो दर महिन्याला हातात येतो आणि नीट कळत नाही, तर त्याचा फोटो आम्हाला पाठवा. नाव, फोन नंबर, खाते नंबर बोटानं झाकून मगच फोटो काढा. पुढच्या भागात त्यातले तीन कागद घेऊ आणि ओळ न ओळ वाचू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, आणि एक पेनही.